टोपाला पट्टा, नातवाला मांडी

"सीट नुसती बघू नकोस, धरून हलवून बघ," असा संघरत्नाचा मेसेज आला तेव्हा मृणालीनं उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला. 'बाई गं, कुणाला शिकवतेस' असं लिहिण्याइतकी दोघींची मैत्री होती, पण नेमका त्या वेळी भाविकच्या तोंडात टीव्हीचा रिमोट होता, म्हणून अंगठ्यावर भागवावं लागलं.

संघरत्ना तिची ज्युनिअर कॉलेजातली मैत्रीण. दोन वर्षं एका बाकावर बसल्या, मग संघरत्ना नर्सिंगला गेली आणि ठाण्याच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात लागली. मृणालीनं बी.एस्सी. केलं, लग्न केलं आणि मानकोलीला सासरी आली. आता भाविक सव्वा वर्षाचा होता, आणि मृणालीच्या मते त्याच्या जिवावर उठलेल्या वस्तू एकट्या हॉलमध्येच चाळीस होत्या. तिनं प्लगांना टेप लावली होती, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज बांधला होता, शेंगदाण्याला घरात बंदी केली होती. सासूबाई, म्हणजे आक्का, त्या टेबलाची आल्यागेल्याशी ओळख करून देत, "यो आमचा आजारी टेबल."

अशी बाई गाडीत बसवायच्या बाळाच्या सीटबद्दल गाफील राहील असं कुणाला वाटेल? तिनं दीड महिना वाचन केलं होतं. वेगवेगळ्या सीट कशा असतात, कुठल्या वजनाला कुठली, पट्टा खांद्याच्या वर की खाली, सगळं तिला तोंडपाठ होतं. शेवटी एक सीट मागवली. ती सीट ज्या गोडाऊनमध्ये होती ते गोडाऊन त्यांच्या गच्चीवरून दिसत होतं. तरी खोकं आधी नाशिकला गेलं, तिथून नवी मुंबईला, मग पुन्हा मानकोलीला, आणि पाचव्या दिवशी दारात आलं. मृणाली मोबाइलवर त्याचा प्रवास बघत होती आणि सासरे केसरीनाथ म्हणत होते, मला सांगितलं असतं तर आपल्या मुकादम मोरूनं हातगाडीवर आणून दिलं असतं.

केसरीनाथांना सगळे दादा म्हणत. जिथे त्यांच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता त्यांची दोन गोडाऊनं आणि सहा ट्रक होते, आणि घर त्याच आवारात होतं. घराला आणि गोडाऊनला गेट एकच. त्या गेटाचा एक नियम होता आणि तो दादांनी केलेला होता. फार वर्षांपूर्वी त्यांच्या ट्रकमधली सुताची बाचकी कसारा घाटात सुटून रस्त्यावर लोळली होती. तेव्हापासून मुकादम मोरूनं माल धरून हलवल्याशिवाय आणि गाडीवर दोन थापा मारल्याशिवाय कुठलीही गाडी गेटाबाहेर जायची नाही. ट्रक असो, टेम्पो असो, दोन थापा पडल्या की ड्रायव्हरनं गिअर टाकायचा. मोरू पन्नाशीचा, अंगानं बारीक, पण त्याच्या हाताखालून सुटा माल गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

सीट घरात आली आणि घरातले तीन पक्ष झाले. दादांचं म्हणणं, घरात खुर्च्या कमी पडल्या म्हणून आता गाडीतही खुर्ची? आक्कांचं म्हणणं, दीपेशला आपण टेम्पोत मांडीवर घेऊन वाढवला, तो वाकडा झाला का? दीपेश म्हणजे मृणालीचा नवरा. त्याचं म्हणणं कुणालाच नीट कळलं नाही, कारण त्याला आईलाही नाही म्हणायचं नव्हतं आणि बायकोलाही. तो म्हणाला, मी चाळीसच्या वर जातच नाही. मृणालीनं शांतपणे विचारलं, समोरून येणारा कंटेनर किती वर जातो? त्यावर दीपेश सीटचं खोकं फोडायला गेला.

खरी पंचाईत पुढे झाली. एवढ्या लहान मुलाची सीट उलटी बसवायची असते, म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. गाडीला धक्का बसला तर त्याचा भार मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो. मृणालीनं हे सगळ्यांना पेन आणि उशी घेऊन दाखवलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. भाविकचं जावळ वज्रेश्वरीला काढायचा नवस होता. त्या दिवशी हा पोरगा देवीकडे पाठ करून जाणार का?

यावर इंटरनेटवर काहीच माहिती नव्हती.

मृणालीनं दोन दिवस विचार करून सांगितलं की येताना त्याचं तोंड देवीकडेच राहील. आपण सगळे देवीकडे पाठ करून परत येऊ, भाविक एकटा शेवटपर्यंत तिच्याकडे बघत येईल. आक्कांना ते पटलं होतं, पण पटल्याचं सुनेला कळू द्यायचं नव्हतं.

मग निशाची हळद आली. निशा ही दीपेशची चुलत बहीण, राहायला टेमघरला. हळदीचं मटण शिजवावं तर आक्कांनीच, असं सगळ्या भावकीचं ठरलेलं. मृणाली सकाळीच निशाला मेंदी काढायला पुढे गेली होती. दुपारी गाडी आली आणि मृणाली भाविकला उतरवायला धावत गेली. दार उघडून बघते तर मागच्या सीटवर मटणाचा टोप. झाकणावर फडकं, फडक्यावरून दोरी, आणि टोपाच्या पोटावरून गाडीचा पट्टा, बक्कल लावून, घट्ट. भाविकची सीट डिकीत कलिंगडांच्या शेजारी पडलेली. आणि भाविक आक्कांच्या मांडीवर, हातात मटणाचं हाडूक.

"रस्सा सांडला असता गो," आक्का म्हणाल्या.

त्या दिवशी हळदीत मृणाली नाचली नाही. बायकांनी ओढलं तेव्हा जरा पाय हलवले, पण मनात तिचं वाक्यं जुळवणं चालू होतं. घरी निघताना दीपेशनं न सांगता सीट परत जागेवर बसवली. मृणालीनं येऊन बघितलं. सीट उलटी होती, बरोबर. गाडीचा पट्टा ओढलेला होता, बक्कल लागलेलं होतं, बरोबर. तिचा राग थोडा उतरला. हलवून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. डोळ्यांना दिसत होतं ना.

पुढचे तीन आठवडे भाविक त्या सीटवर बसून फिरला. डोस घ्यायला ठाण्याला जाऊन आला, मावशीकडे कल्याणला जाऊन आला, दोनदा बाजारात गेला. दर वेळी मृणाली त्याचे खांद्यावरचे पट्टे तपासायची. पट्ट्याची चिमूट धरता आली तर तो सैल, असं तिनं वाचलं होतं. तिला कधीच चिमूट धरता आली नाही. इतक्या घट्ट बसवलेल्या पोराकडे बघून तिला बरं वाटायचं.

जावळाचा दिवस उजाडला. सकाळी सात वाजता गाडी आवारात उभी होती, धुतलेली, बोनेटवर झेंडूची माळ. डिकीत नारळांचं पोतं, ओटीचं सामान, जेवणाचे डबे. मृणालीचा भाऊ थेट वज्रेश्वरीला येणार होता, कारण जावळ काढताना पोरानं मामाच्या मांडीवर बसायचं. दादा नवा पांढरा शर्ट घालून ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. ती जागा त्यांची ठरलेली. आक्का मागे बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"आजच्या दिवस दे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "नवसाचा पोर हाय. देवीकडं आजीचे मांडीवरून जाऊ दे."

मृणालीनं तीन आठवडे जपून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं.

"आक्का, टोपाला पट्टा आणि नातवाला मांडी?"

दीपेश आरशात बघून केस नीट करू लागला. दादा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांच्या मानेवरून कळत होतं की ते हसतायत. आक्कांनी हात मागे घेतले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या की बसव बाई तुझ्या खुर्चीत, देवी बघून घेईल. मृणालीनं भाविकला सीटमध्ये बसवलं, पट्टे लावले, चिमूट धरून बघितली. चिमूट येत नव्हती. ती जिंकली होती आणि तिला ते चेहऱ्यावर न दाखवणं अवघड जात होतं.

गाडी गेटापाशी आली. मोरू पुढे झाला. डिकीत नारळांचं पोतं होतं, म्हणजे गाडीत माल होता, म्हणजे नियम लागू. त्यानं डिकी उघडली, पोतं हलवलं, ते दोन डब्यांमध्ये अडकवून पक्कं केलं. डिकी लावली. दोन थापा मारणार, तेवढ्यात त्याला मागच्या काचेतून भाविक दिसला. भाविक त्याच्याकडेच तोंड करून बसलेला. मोरूनं त्याला टाटा केला, भाविकनं मोरूला टाटा केला. मोरूला ते इतकं आवडलं की तो बाजूचं दार उघडून आत वाकला, पोराचा गालगुच्चा घेतला आणि हाताच्या सवयीनं, जसं बाचक्याला धरून हलवतात, तसं सीटला धरून हलवलं.

सीट भाविकसकट डावीकडे कलंडली. परत उजवीकडे आली. भाविकला वाटलं पाळणा आहे. तो खदखदून हसला.

गाडीत दुसरं कुणीच हसलं नाही. मोरूनं सीट पुन्हा एकदा हलवली, अगदी हळू, खात्री करायला. मग तो दादांच्या खिडकीशी गेला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, जसा तो कुठल्याही ट्रकबद्दल बोलला असता.

"शेठ, माल एक नंबर बांधलाय. पण खोकं गाडीला बांधलेलंच न्हाय."

मृणालीनं खाली वाकून बघितलं. गाडीचा पट्टा होता, बक्कल लागलेलं होतं. फक्त तो पट्टा सीटच्या आतून गेलाच नव्हता. सीटच्या मागून, गाडीच्या गादीला चिकटून, आडवा जाऊन तो आपल्या आपण बक्कलात बसला होता. त्यानं गादीला धरून ठेवलं होतं. सीट नुसती वर ठेवलेली होती, शोकेसमध्ये फुलदाणी ठेवतात तशी.

दीपेशनं कबूल केलं. त्या संध्याकाळी त्यानं सीट ठेवली, पण पट्टा कुठल्या फटीतून घालायचा ते त्याला आठवेना. आणि मागे त्या बाजूला वजन असून पट्टा लावला नाही तर ही गाडी टुंग टुंग करत राहते (आक्कांच्या बाजूची टुंग टुंग कधीच बिघडली होती). तो आवाज बंद करायला त्यानं पट्टा मागून नेऊन बक्कल लावलं. उद्या नीट करू म्हणाला, आणि उद्या ट्रकचा टायर फुटला.

मृणाली खाली उतरून गेटाच्या खांबाला टेकून उभी राहिली. ठाणे, कल्याण, दोनदा बाजार. कल्याणच्या रस्त्यावर एका रिक्षाला चुकवताना दीपेशनं जोरात ब्रेक मारला होता, ते तिला आत्ता आठवलं. तिनं दीपेशकडे बघितलं. त्याला काय बोलायचं ते तोंडाशी आलं होतं, पण त्याच वेळी संघरत्नाला पाठवलेला स्वतःचा तो पिवळा अंगठाही डोळ्यांसमोर आला.

दादा गाडीतून उतरले होते.

"गाडी बंद कर, दीपेश," ते म्हणाले. "माझे गेटातून सुटा माल जात न्हाय."

त्यांनी खुर्चीची थट्टा केली होती हे खरं, पण ती खुर्ची आता त्यांच्या दृष्टीनं खुर्ची राहिली नव्हती. ते लोडिंग होतं, आणि लोडिंगमध्ये थट्टा नसते. मोरूनं शीळ घातली. चार माथाडी धावत आले, एकाच्या खांद्यावर नायलॉनचा रस्सा, दुसऱ्याच्या हातात ताडपत्री, कारण रस्सा मागवला की ताडपत्री आणायचीच, ही त्याची सवय. मोरूनं रस्सा मोकळा केला आणि मृणाली खांब सोडून पुढे आली. रस्सा नको, ती म्हणाली. मोरूला ते लागलं. त्याची गाठ नागपूरपर्यंत सुटत नाही, हे त्यानं तिला सांगितलं. मृणालीनं सांगितलं की गाठीबद्दल शंका नाही, पण ही सीट गाडीच्या पट्ट्यासाठीच केलेली आहे, रश्शानं बांधली तर वेळेला ती कशी वागेल ते कुणीच तपासलेलं नाही. मग तिनं भाविकला आक्कांकडे दिलं, उभ्या गाडीत, आणि व्हिडिओ कॉल लावला.

संघरत्ना रात्रपाळी संपवून घरी निघाली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा भाविक बरा आहे ना, ते विचारलं. नंतर म्हणाली, "तू अंगठा पाठवलास तेव्हाच मला शंका आलेली."

मग ती सांगत गेली आणि मोरू करत गेला. सीटवर निळ्या खुणा आहेत, पट्टा त्या खुणांमधूनच गेला पाहिजे. गेला. बक्कल लाव. लावलं. आता सीटवर सगळं वजन टाकून पट्ट्यातली ढील काढ. हे सांगायच्या आतच मोरूनं सीटमध्ये गुडघा रोवला होता आणि पट्टा ओढत होता. गाडीवर बोजा बांधताना माथाडी गुडघ्यानं दाबूनच रस्सा खेचतात. सीटबरोबर आलेल्या पुस्तकात त्याच गोष्टीचं चित्र होतं, पण त्यातला माणूस मोरूइतका सराईत वाटत नव्हता. आता पट्टा जिथून जातो तिथेच धरून हलव, संघरत्ना म्हणाली, बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त हलता कामा नये. मोरूनं हलवलं. सीट हलली नाही, गाडी हलली.

"ताई, यो पट्टा चांगला हाय," मोरू म्हणाला. एवढी मोठी पावती त्यानं आजपर्यंत कशालाच दिली नव्हती.

भाविक परत आत बसला. मोरूनं आता दोन थापा मारायला हरकत नव्हती. पण दादांना चेव आला होता. त्यांनी फर्मावलं, गाडीतला सगळा माल तपास.

मोरूनं आक्कांकडे बघितलं. आक्का म्हणाल्या, मी काय माल आहे का? पण त्यांच्या बाजूचा पट्टा कुठे होता? बक्कल गादीच्या फटीत बुडालेलं होतं. मोरूनं हात घालून ते वर काढलं, त्याच्याबरोबर दोन केसांच्या पिना, एक सुपारी आणि एक सुका बोंबील आला. बोंबलाबद्दल कुणी काही बोललं नाही. आक्कांचं म्हणणं पडलं की पट्टा माझ्या अंगाला पुरायचा नाही. पुरला. वर चार बोटं उरला.

मग मोरू पुढच्या खिडकीशी गेला आणि थांबला. दादा परत आपल्या जागी ताठ बसले होते. त्यांच्या बाजूचं बक्कल लागलेलं होतं, गाडी टुंग टुंग करत नव्हती. पण नव्या पांढऱ्या शर्टावर पट्टा दिसत नव्हता. तो दादांच्या पाठीमागून गेला होता. शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून त्यांनी सकाळीच ती व्यवस्था करून ठेवली होती. आणि आज सकाळीच कशाला, रोजच. दीपेश ही विद्या कुठे शिकला, ते मृणालीला तेव्हा कळलं.

मोरूनं शेठच्या खांद्याला आजवर कधी हात लावला नव्हता. त्यानं तो आता लावला आणि हलकेच हलवलं, जसं कुठलंही बाचकं हलवतात.

"शेठ," तो म्हणाला, "सुटा हाय."

आक्का मागून इतक्या हसल्या की त्यांच्यासाठी लावलेला पट्टा ताणला गेला. दादांनी मोरूकडे बघितलं, गेटाकडे बघितलं. मग काही न बोलता बक्कल काढलं, पट्टा पुढून घेतला आणि लावला. शर्टाला सुरकुती पडली. दोन थापा पडल्या. गाडी निघाली.

वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला नेहमीसारखेच खड्डे होते. अंबाडीच्या अलीकडे एक म्हैस विचार न करता रस्त्यात उतरली आणि दीपेशनं ब्रेक दाबला. डिकीत एक डबा आपटला. आक्का पुढे आल्या आणि पट्ट्यानं त्यांना परत मागे बसवलं. दादांचा हात छातीवर गेला, जिथे पट्टा रुतला होता, आणि तो तिथेच थोडा वेळ राहिला. मृणालीनं पहिली नजर टाकली ती भाविककडे. तो झोपला होता. त्याची सीट जागची हलली नव्हती. ओठ तेवढे झोपेत दूध प्यायल्यासारखे हलत होते.

अंबाडी मागे पडल्यावर दादा म्हणाले की नारळांचं पोतं मोरूनं चांगलं बांधलंय. दीपेश म्हणाला, हो. आक्कांनी सीटच्या कडेवर हात ठेवला आणि थोडं ढकलून बघितलं. मृणालीला ते दिसू नये अशा बेतानं, पण मृणालीला दिसलं.

जावळ मामाच्या मांडीवर झालं, भाविक गावभर ऐकू जाईल असा रडला, आणि परत येताना ठरल्याप्रमाणे तो एकटा देवीकडे तोंड करून आला, तुळतुळीत डोक्यानं, झोपेत. आक्कांनी भावकीत सगळीकडे सांगितलं की आमचा पोर देवीला पाठ दाखवत नाही, म्हणून आम्ही खास तशी खुर्ची आणलीय. संघरत्नाला मृणालीनं सीट हलवून बघतानाचा व्हिडिओ पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला.

आता गेटापाशी मोरू त्या गाडीची डिकी बघत नाही, आधी मागचं दार उघडतो. पट्टा जातो तिथे सीट धरतो, हलवतो, मग दोन थापा. तो सुट्टीवर असला तर मृणाली स्वतः हलवते, डोळ्यांवर तिचा आता विश्वास राहिलेला नाही. तुमच्या घरी असं लेकरू असेल तर तुम्हीही एकदा खाली उतरून तेवढं करा, असं तिचं सांगणं आहे. पट्टा लागलेला दिसतो म्हणून थांबू नका.

आणि तिची एक विनंती आहे. तुम्ही कधी मानकोलीच्या नाक्यावरून जात असाल, सिग्नलला शेजारी पांढरी गाडी उभी असेल, आणि पुढच्या सीटवर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बसलेले असतील, तर त्यांच्या छातीवर पट्टा आहे का तेवढं वाकून बघा. नसेल तर मृणालीला कळवा. आक्कांना कळवलंत तरी चालेल.